तिडक्यांची कंबर

“मॅडम, ती लेकरांसाठीची रजा निघालीय म्हणं. मला बसंल का ती?”

भागवत तिडके माझ्या टेबलासमोर उभे होते. त्यांनी हे इतक्या हळू विचारलं, की मला काही कळलंच नाही. “काय? मोठ्यानं बोला की हो,” मी खेकसले. मग त्यांनी मोठ्यानं विचारलं आणि ते सगळ्या शाखेनं ऐकलं.

“बालसंगोपन रजा? तुम्हाला?”

पलीकडच्या टेबलावरची नंदा खुदकन हसली. मागून कोणीतरी म्हणालं, “तिडकेभाऊ, बाळंतपणाची पण घ्या लगेहात!” मग काय, सगळी शाखाच खो खो हसायला लागली. खोटं कशाला बोलू, मीही हसले. तिडकेसुद्धा हसले, पण त्यांचं हसणं ओठांपलीकडे गेलं नाही.

ही गोष्ट एकोणीस सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी पाटबंधारे विभागाच्या कार्यालयात आस्थापना शाखेची वरिष्ठ लिपिक होते. सव्वाशे माणसांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असत आणि सव्वाशे माणसांच्या रजा माझ्या टेबलावरून जात. कोणाची किती रजा शिल्लक आहे हे मला पुस्तक न उघडता सांगता यायचं. त्याचा मला तोरा होता, हेही सांगून टाकते. “साबणे मॅडम म्हणजे चालता बोलता नियम” असं लोक म्हणायचे आणि ते ऐकायला मला आवडायचं.

तिडके आमचे कालवा निरीक्षक. पाणी सुटलं की कालव्याच्या कडेनं फिरायचं, कालव्याची दारं उघडायची, बंद करायची, शेतकऱ्यांची भांडणं सोडवायची, असं काम. त्यांची बायको अर्चना दोन वर्षं मूत्रपिंडाच्या आजारानं अंथरुणाला होती आणि आदल्या दिवाळीत ती गेली. त्या दोन वर्षांत बिचाऱ्यांची सगळी साठलेली रजा दवाखान्याच्या बाकड्यावर संपली होती. खात्यावर उरली होती ती फक्त आजारपणाची रजा, म्हणजे स्वतः आजारी पडलं तरच मिळणारी.

“ती बायकांची रजा आहे हो,” मी म्हणाले. “पुरुषांना कुठली? पण झालंय काय?”

“समू पडली. पोरगी माझी. शाळेच्या जिन्यावरनं. मांडीचं हाड मोडलंय. कंबरेपासनं पायाच्या बोटापर्यंत पलिस्तर घातलंय, दीड-दोन महिने हलायचं न्हाई म्हणाले डॉक्टर.”

“अगं बाई! मग घरी कोण आहे बघायला?”

“आई हाय. पण तिच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिलाच हात धरून न्यावं लागतं. बहिणीला बोलावली हुती, ती चार दिवस राहून गेली, तिचं घर तिला.” त्यांनी मान खाली घातली. “नऊ वर्षांची पोर हाय मॅडम. तिला बसवायचं, उठवायचं, तिचं सगळंच करायचं. शेजारणीला किती दिवस सांगावं?”

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माणूस वीस-पंचवीस वर्षं एकाच टेबलावर बसला, की वाईट वाटलं तरी तोंड आपलं नेहमीचंच बोलतं.

“अहो, मग एवढा विचार कसला करताय?” मी म्हणाले. “मेडिकल टाका.”

आता हे मेडिकल टाकणं म्हणजे काय, ते सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. घरात कोणाचं काहीही असो, आपण स्वतः आजारी असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणायचं आणि अर्जाला जोडायचं. सगळे आणतात. देणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला ठाऊक असतं, मंजूर करणाऱ्यालाही ठाऊक असतं. कोणी कोणाला विचारत नाही.

“पण मला काय झालंय म्हणून लिवू?” तिडक्यांनी विचारलं.

“कंबरदुखी लिहा. काविळीला हल्ली रक्ताचा रिपोर्ट मागतात, तापाला आठ दिवसांच्या वर कोणी विश्वास ठेवत नाही. कंबर बरी. ती कुठल्या यंत्रात दिसत नाही.”

हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. दोन दिवसांनी तिडके प्रमाणपत्र घेऊन आले. ‘तीव्र कंबरदुखी, पंचेचाळीस दिवस संपूर्ण विश्रांती.’ अर्ज मीच सांगितला तसा त्यांनी लिहिला, मी खाली टिपणी लिहिली, साहेबांनी सही केली. जाताना तिडके हात जोडून म्हणाले, “लई उपकार झाले मॅडम.” मी म्हणाले, “उपकार कसले त्यात, पोरीला जपा.”

बरोबर तीन आठवड्यांनी साहेबांनी मला आत बोलावलं.

आमचे कार्यकारी अभियंता पाथरकर साहेब. माणूस कडक, कामाला वाघ, पण उगाच कोणाच्या वाकड्यात जाणारा नव्हे. रब्बीचं पाणी सुटलेलं होतं, रोज कोणत्या ना कोणत्या गावचे लोक मोर्चा घेऊन येत होते आणि साहेब आधीच तापलेले होते. त्यांनी माझ्यापुढे एक लिफाफा टाकला. त्यात एक फोटो होता.

फोटोत दवाखान्याच्या पायऱ्या होत्या. पायऱ्या चढताना तिडके होते आणि त्यांच्या दोन्ही हातांवर ती पोरगी आडवी, पांढऱ्या पलिस्तरासकट. पोरीनं त्यांच्या गळ्यात हात टाकलेला होता. ओझ्यानं त्यांचं तोंड वाकडं झालेलं, पण पाठ मात्र ताठ.

“कंबरदुखी आहे ना हो या माणसाला?” साहेब म्हणाले. “संपूर्ण विश्रांती?”

मी फोटो उलटा करून ठेवला.

“तिकडे त्याच्या भागातली दारं शेजारच्या भागाचा निरीक्षक लाटे सांभाळतोय. स्वतःची वीस किलोमीटर आणि याची चोवीस. थंडीत माणूस मरायला टेकलाय. आणि हे महाशय खोटं प्रमाणपत्र देऊन घरी!”

फोटो कोणी पाठवला ते मला तेव्हाच कळलं, साहेबांनाही कळलंच असणार. लाट्याला तरी मी काय दोष देऊ? दुप्पट कालवा फिरायचा, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या, आणि ज्याचं काम आपण करतोय तो माणूस चांगला चालताना दिसला तर कोणाचंही डोकं फिरेल.

“नोटीस काढा,” साहेब म्हणाले. “सोमवारी अकराला त्याला समक्ष हजर राहायला सांगा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फेरतपासणीला पाठवतो त्याला. कंबर धड निघाली की निलंबनाचा प्रस्ताव वर. बाकीच्यांनाही जरा धडा बसू दे.”

“साहेब, त्याची पोरगी…”

“पोरगी मला फोटोत दिसतेय मॅडम. सगळ्यांच्याच घरी पोरं आहेत. म्हणून खोटी कागदपत्रं द्यायची?”

मी टेबलावर आले आणि नोटीस लिहायला घेतली. नोटिशीत नियमाचा हवाला द्यावा लागतो म्हणून रजेच्या शासन निर्णयांची फाईल काढली. ती फाईल माझीच. नवा निर्णय आला की मी त्याला भोकं पाडून, दोरा ओवून, आत लावून ठेवायची आणि बाहेर यादीत नाव लिहायची. पानं उलटता उलटता बालसंगोपन रजेचा निर्णय हाताला लागला. तो आल्याला वर्षही झालं नव्हतं. पहिलं पान मी वाचलेलं होतं, कारण ऑफिसातल्या बायकांनी तेव्हा माझ्या टेबलाभोवती गर्दी केली होती, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी एकूण एकशे ऐंशी दिवस मिळणार म्हणून. दुसरं पान मी त्या दिवसापर्यंत उलटलं नव्हतं.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की ज्याची पत्नी हयात नाही, किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली आहे, अशा पुरुष कर्मचाऱ्यालाही ही रजा देता येईल.

मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. मग फाईल मिटली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. भर दुपारी कशाला कुलूप लावलं, मला सांगता येत नाही.

तो माणूस आपल्या पायानं चालत आला होता आणि त्यानं नेमकी हीच रजा मागितली होती. खरं कारण सांगून, सगळ्यांचं हसू सोसून मागितली होती. मी त्याला हसून परत पाठवलं आणि वर खोटं कसं लिहायचं ते शिकवलं. आता त्याची नोकरी जायची वेळ आली होती.

आणि माझंही थोडं होतंच की. अधीक्षकपदाच्या बढतीच्या यादीत त्या वर्षी माझं नाव होतं. पंचावन्न वय, नोकरीची तीनच वर्षं राहिलेली. खोटं मेडिकल द्यायला आस्थापनेच्या लिपिकानंच सांगितलं, असं सोमवारी तिडके बोलले असते तर बढती राहिली बाजूला, माझीच चौकशी लागली असती. ते नाही बोलले तर? तर कोणाला काही कळणार नव्हतं. फाईलचं दुसरं पान माझ्याशिवाय कोणी उघडणार नव्हतं.

मी नोटीस पूर्ण केली आणि सहीला पाठवली.

दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, सुट्टी. सकाळी दहाच्या सुमाराला मी तिडक्यांच्या घरी गेले. जाताना सफरचंदं घेतली. पोरीला बघायला जातेय असं मी घरी सांगितलं होतं. खरं तर मला फक्त एवढंच बघायचं होतं, की सोमवारी हा माणूस माझं नाव घेणार की नाही. आज सांगायची लाज वाटते, पण तेव्हा माझ्या मनात तेवढंच होतं.

दोन खोल्यांचं सरकारी घर. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत खाटेवर समृद्धी पडली होती, एक पाय उशांवर. खाटेच्या बाजूला दोरी बांधून साडीचा आडपडदा केलेला, तो अर्धा सरकवलेला. पोरीच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. एक उंच, एक खाली, पण भांग मात्र सरळ पाडलेला. म्हातारी कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती.

“कोन हाय गं?” म्हातारीनं विचारलं.

“मी ऑफिसातून आलेय, साबणे,” मी म्हणाले.

‘ऑफिस’ हा शब्द ऐकला आणि ती पोरगी एकदम ताठ झाली. जेवढं होता येत होतं तेवढी ताठ झाली, बिचारी. शाळेत बाईंनी उभं केल्यावर कविता म्हणावी तसं ती एका दमात म्हणाली, “पप्पांची कंबर लई दुखती. त्यांला उठता येत न्हाई. डॉक्टरांनी झोपून राहा म्हणून सांगितलंय.”

आणि तेवढ्यात मागच्या दारातून तिडके आत आले. दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या दोन बादल्या.

पोरीनं बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा पडला, की काय सांगू. आपल्याकडूनच काहीतरी चुकलं असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “पप्पा, मी म्हणले हुते. मी बरोबर म्हणले हुते,” ती हुंदके द्यायला लागली.

तिडक्यांनी बादल्या खाली ठेवल्या. तिच्याजवळ जाऊन बसले, तिच्या कपाळावरून हात फिरवला. “बरोबरच म्हणलीस, बाय माझी. ह्या मॅडम आपल्याच हायेत. त्यांना समदं ठाव हाय.”

मला समदं ठाव होतं. फक्त नऊ वर्षांच्या पोरीला खाटेवर पडल्या पडल्या खोटं पाठ करावं लागलंय, हे ठाऊक नव्हतं. आणि ते शब्द कोणाचे होते? कंबर मीच सांगितलेली.

“तुम्ही शिकवलंत हे तिला?” मी विचारलं.

“काय करू मॅडम? लाटे दोनदा येऊन गेला दारावरनं. कोणी चौकशीला आलं तर तिच्या तोंडातनं भलतंच जाईल म्हणून.” त्यांनी मान वर केली नाही. “तिच्या आईच्या आजारातबी ती कधी खोटं बोलली न्हाई. मला आवडलं न्हाई शिकवायला.”

म्हातारी चहा टाकायला उठली आणि भिंत चाचपत आत गेली. तिडके म्हणाले, “नोटीस मिळाली काल. लाट्याचा राग न्हाई मला. त्यो एकटा मरतोय तिकडं. सोमवारी आई बघंल दोन तास, शेजारच्या वैनीला सांगितलंय.”

“काय सांगणार तुम्ही साहेबांना?”

आणि मी काही पुढे बोलायच्या आतच ते म्हणाले, “तुमचं नाव येणार न्हाई मॅडम. काळजी करू नका. तुम्ही माझ्या अडचणीला धावून आलात. तुमच्यावर कशाला आणू? चूक माझी, मी भोगीन. नोकरी गेली तर गेली. दुसऱ्याच्या शेतात पाणी द्यायला जाईन, तेच काम येतं मला.”

ज्या कामासाठी मी गेले होते ते असं आपोआप झालं. चहा घेतला, सफरचंदं ठेवली, पोरीला बरं वाटू दे म्हणून म्हणाले आणि निघाले. ती पोरगी माझ्याकडे बघत नव्हती. तिला माझी भीती वाटत होती.

रस्त्यात मला स्वतःची अशी किळस आली, की मी बाजारात जायचं होतं ते विसरून सरळ घरी आले आणि नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

सोमवारी अकराला तिडके हजर झाले. इस्त्रीचा शर्ट घातलेला, दाढी केलेली. साहेबांच्या खोलीत तिघंच होतो. मी नोंदी घ्यायला बाजूच्या खुर्चीवर बसले होते. साहेबांनी फोटो टेबलावर सरकवला.

“हे तुम्हीच ना?”

“हो साहेब.”

“कंबर दुखतेय?”

“न्हाई साहेब.”

“म्हणजे प्रमाणपत्र खोटं.”

“खोटं हाय साहेब. चूक झाली. पोरीसाठी केलं.”

“कोणी सांगितलं होतं असं करायला?”

तिडके एक क्षणही थांबले नाहीत. “कोणी न्हाई. माझंच डोकं.”

“तुम्ही सरळ येऊन सांगितलं असतं तर?” साहेबांचा आवाज चढला. “मी काय राक्षस आहे? आता मी काय करू सांगा. खोटं प्रमाणपत्र कबूल केलंत. माझे हात बांधले तुम्ही!”

सरळ येऊन सांगितलं होतं की त्यांनी! माझ्या टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत. पण तो शब्द तिडक्यांनी तोंडातून काढला नाही. हात मागे बांधून ते उभे होते आणि फोटोकडे बघत होते.

मी उठले. वही खाली ठेवली.

“साहेब, ते सरळ आले होते,” मी म्हणाले. “माझ्याकडे. त्यांनी बालसंगोपन रजा मागितली होती. मी त्यांना हसले आणि ती बायकांची रजा आहे म्हणाले. मेडिकल टाका म्हणून मीच सांगितलं. कंबरदुखी लिहा, हेही मीच.”

“मॅडम, ऱ्हाऊ द्या ओ,” तिडके पुटपुटले.

“तुम्ही गप्प बसा!” मी त्यांच्यावरच खेकसले. मग कपाटातून आणलेला तो निर्णय साहेबांपुढे ठेवला आणि दुसरं पान उघडलं. “हे बघा साहेब. पत्नी हयात नसलेल्या पुरुषालाही मिळते. हे माझ्या फाईलला सात महिने लावलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.”

साहेबांनी चष्मा लावला. ते वाक्य वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे या माणसाला खरं बोलूनही रजा मिळत होती,” ते म्हणाले.

“हो.”

“मग तुम्ही याला खोटं कशाला बोलायला लावलंत?”

मी खूप उत्तरं शोधली. कामाचा ताण, नवा निर्णय, लक्षात राहिलं नाही.

“सवय, साहेब,” मी म्हणाले.

साहेबांनी विचारलं, “हे सगळं लेखी द्याल?”

“देते.”

“विचार करून सांगा. बढतीच्या यादीत नाव आहे तुमचं.”

“माहीत आहे साहेब. देते.”

खिडकीतून बाहेरच्या मोर्चाच्या घोषणा ऐकू येत होत्या, कुठल्याशा गावाला पाणी पोचलं नव्हतं. साहेबांनी घंटी वाजवून खिडकी लावायला सांगितली. मग तिडक्यांकडे वळले. “ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ऐन पाण्याच्या दिवसांत तर मी सरळ नाही म्हणू शकतो. कळतंय ना?”

“कळतंय साहेब.”

“पण नाही म्हणायला मला कारण लागेल आणि ते मला सापडत नाही. मेडिकलचा अर्ज मागे घ्या. नवा अर्ज द्या, रजेचं रूपांतर करता येतं. खोट्या प्रमाणपत्राबद्दल लेखी ताकीद मिळेल, ती घ्यावी लागेल. आणि लाट्याच्या मदतीला मी दुसऱ्या शाखेतून एक माणूस देतो. जा आता.”

तिडक्यांना ते नीट कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी साहेबांना हात जोडले, दाराशी जाऊन परत वळून हात जोडले, आणि बाहेर येऊन माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर मटकन बसले. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला.

“लिहा.”

त्यांनी लिहायला सुरुवात केली. प्रति, विषय, महोदय, इथपर्यंत हात भराभर चालला. मग थांबला.

“मॅडम, कारण काय लिवू?”

“जे असेल ते.”

“तसं न्हवं. कसं लिवायचं असतंय ते सांगा.”

“मी आता काही सांगणार नाही,” मी म्हणाले. “तुमचं तुम्ही लिहा.”

त्यांनी पेन तोंडाशी धरलं. शाखेत कोणी हसत नव्हतं, नंदासुद्धा मान खाली घालून बसली होती. दहा मिनिटांनी त्यांनी कागद माझ्याकडे दिला. कारणाच्या जागी एकच ओळ होती: ‘मुलीला आई नाही, तिच्याजवळ मला राहायचे आहे.’

हजारो अर्ज त्या टेबलावरून गेले असतील माझ्या आयुष्यात. ती ओळ वाचताना मला चष्मा पुसावा लागला. मी खाली टिपणी लिहिली, ‘कारण नियमात बसते. मंजुरीस शिफारस’, आणि कागद स्वतः उठून आत नेऊन दिला.

माझ्या लेखी जबाबावर महिनाभरानं आदेश आला. कर्तव्यात हयगय केली म्हणून माझ्यावर ठपका ठेवण्यात आला. त्या वर्षीच्या यादीतून नाव गेलं, पुढच्या याद्यांतही ते आलं नाही आणि वरिष्ठ लिपिक म्हणूनच मी निवृत्त झाले. ठपक्याची नोंद सेवापुस्तकात घ्यावी लागते आणि आमच्या ऑफिसात सेवापुस्तकात नोंदी घ्यायचं काम माझंच. तेव्हा ‘श्रीमती नि. वि. साबणे यांच्यावर ठपका ठेवण्यात येत आहे’ हे मी माझ्याच हातानं, माझ्याच पुस्तकात, चांगल्या अक्षरात लिहिलं.

तीन वर्षांनी माझी पेन्शनची कागदपत्रं करायला माझ्या जागेवर आलेली मीनल खंदारे बसली होती. भली पोरगी. माझं पुस्तक पहिल्या पानापासून तपासत ती त्या पानावर आली आणि हळहळली.

“मॅडम, अख्ख्या नोकरीत एवढा एकच डाग. अपील केलं असतं तर निघाला असता हो. तुम्ही तर केवढ्या आजारपणातून नोकरी काढलीत! तीन वेळा कावीळ, दोनदा विषमज्वर. मी आत्ता मोजलं.”

“मला कधी कावीळ झाली नाही गं,” मी म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं.

“पहिली कावीळ म्हणजे माझ्या मोठ्याचा गोवर. दुसरी कावीळ म्हणजे सासूबाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन. तिसऱ्या वेळी धाकटीची दहावी होती आणि ती रात्रंदिवस रडत होती, म्हणून मी महिनाभर घरी राहिले. विषमज्वरसुद्धा असेच, पोरांचे. तेव्हा आम्हाला दुसरी कुठली वाटच नव्हती. आई म्हणून घरी थांबायचं तर स्वतः आजारी पडावं लागायचं.”

मीनलनं पुस्तकावर हात ठेवला. “मग मॅडम, ठपक्याचं काय करायचं? अजून अर्ज देता येईल.”

“राहू दे,” मी म्हणाले. “त्या पुस्तकात माझ्याबद्दल तेवढीच एक नोंद खरी आहे.”